जेफ कोरी: बारा वर्षं पडद्याबाहेर

ज्यांना हेडफोन लावण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना काही ठिकाणी माझी गाडी भरकटली होती, ती इथे जरा रुळावर आणली आहे.

आजचा भाग एका नटाबद्दल आहे. त्याचं नाव तुम्ही बहुतेक ऐकलेलं नसेल, पण चेहरा पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. नाव जेफ कोरी. उंच, हाडकुळा, दाट भुवया आणि अशी नजर, की हा माणूस आत्ता तुमच्याशी खरं बोलतोय की थाप मारतोय ते कळू नये. हिरो कधीच नाही. कधी शेरीफ, कधी खुनी, कधी डॉक्टर, कधी कुणाचा तरी म्हातारा बाप. आपल्याकडे ज्याला चरित्र अभिनेता म्हणतात, तो हा. पडद्यावर आला की "अरे, हा तो!" म्हणायचं आणि मग नाव आठवायचं नाही, असा.

मला तो सापडला तो त्याच्या चित्रपटांच्या यादीमुळे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, रोजचं काम लॉग वाचण्याचं. लॉगमध्ये ओळीमागून ओळ येत असते आणि मध्येच काही तास काहीच नाही, असं दिसलं की आमचे कान टवकारतात. कोरीच्या यादीत तसंच आहे. चाळीसच्या दशकात वर्षाला कितीतरी चित्रपट. १९५१ मध्येसुद्धा बरेच. आणि मग यादी जवळजवळ थांबतेच, ती थेट १९६३ ला पुन्हा सुरू होते. बारा वर्षं. आजचा भाग त्या बारा वर्षांचा आहे.

आधीचा कोरी

जन्म १० ऑगस्ट १९१४, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये. मूळ नाव आर्थर झ्वर्लिंग. ज्यू कुटुंब, परिस्थिती साधी. नाट्यशाळेत शिकला, मुलांच्या नाटकमंडळीबरोबर फिरला, आणि १९३६ साली लेस्ली हॉवर्डच्या 'हॅम्लेट'मध्ये ब्रॉडवेवर उभा राहिला. काळ महामंदीचा होता. नटांचं पोट हातावर. अशा काळात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे अनेक तरुण डाव्या चळवळीकडे ओढले गेले. कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकांना जाणं तेव्हा तिथे फारसं जगावेगळं नव्हतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते बेकायदाही नव्हतं. कोरी त्यातलाच एक.

१९४० च्या सुमारास तो हॉलिवूडला गेला. छोट्या भूमिका मिळायला लागल्या. मग युद्ध आलं आणि तो नौदलात भरती झाला. 'यॉर्कटाऊन' या विमानवाहू जहाजावर युद्धछायाचित्रकार म्हणून. समोरून आत्मघाती जपानी विमान जहाजावर चाल करून येत असताना हा कॅमेरा धरून उभा होता, आणि त्या चित्रीकरणासाठी नौदलाने त्याचा गौरव केला. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाला देशद्रोहाच्या संशयाखाली प्रश्न विचारले जाणार आहेत.

परत आल्यावर त्याचं काम बहरलं. 'द किलर्स' (१९४६) मध्ये तो ब्लिंकी नावाचा गुंड आहे. हॉस्पिटलच्या खाटेवर मरता मरता तापात बरळतोय. चित्रपट बघितलेला माणूस ते विसरत नाही. 'होम ऑफ द ब्रेव्ह' (१९४९) मध्ये तो सैन्यातला मानसोपचारतज्ज्ञ आहे. त्याच्यासमोर एक कृष्णवर्णीय सैनिक, ज्याचे पाय धक्क्यामुळे हलेनासे झालेत. डॉक्टर त्याच्याशी वाद घालतो, त्याला डिवचतो, आणि आत कोंडलेला अपमान बाहेर काढतो. वर्णभेदावर इतकं थेट बोलणारे चित्रपट तेव्हा हॉलिवूडमध्ये फार थोडे होते.

आणि १९५१ मध्ये 'सुपरमॅन अँड द मोल मेन'. जगातल्या सगळ्यात खोल तेलविहिरीतून छोटीशी, निरुपद्रवी माणसं वर येतात. गाव घाबरतं. ती विषारी आहेत अशी अफवा पसरते, जमाव बंदुका घेऊन निघतो. त्या जमावाचा पुढारी म्हणजे जेफ कोरी! अफवेवरून माणसं मारायला निघालेल्या गर्दीचा म्होरक्या. आणि त्याच वर्षी खऱ्या आयुष्यात गर्दी त्याच्याच दिशेने वळली.

समितीसमोर

इथे एक गोंधळ आधीच दूर करतो, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं. हॉलिवूडची चौकशी सिनेटर मॅकार्थीने केली नाही. तो सिनेटमध्ये होता. हॉलिवूडच्या मागे लागली ती खालच्या सभागृहाची, म्हणजे हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जची 'अन-अमेरिकन' कारवायांची समिती. तिची पहिली मोठी फेरी १९४७ ची. तेव्हा दहा लेखक-दिग्दर्शकांनी "आमची राजकीय मतं विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही," असं म्हणत उत्तरं नाकारली. ते तुरुंगात गेले. त्यांना शिक्षा ठरायच्याही आधी, नोव्हेंबर १९४७ मध्ये, बड्या निर्मात्यांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमून जाहीर केलं, की या दहा जणांना आणि कोणत्याही जाहीर कम्युनिस्टाला आम्ही काम देणार नाही.

ब्लॅकलिस्ट म्हणतात ती ही. सरकारने काढलेला हुकूम नव्हे. कोणत्याही भिंतीवर चिकटवलेली यादी नाही. तुम्हाला कुणी पत्र पाठवत नाही, कारण सांगत नाही, अपील करायला खिडकी नाही. फक्त फोन यायचा बंद होतो.

दुसरी फेरी १९५१ ची. मार्क लॉरेन्स नावाच्या नटाने समितीसमोर काही नावं घेतली. त्यात कोरीचं नाव होतं. कोरीला समन्स आलं आणि सप्टेंबरमध्ये तो समितीपुढे गेला.

आता त्याच्यापुढे पर्याय काय होते ते नीट बघूया, कारण खरी गोम इथे आहे. तुम्हाला वाटेल, स्वतःबद्दल खरं सांगून मोकळं व्हायचं ना! "हो, मी जात होतो बैठकांना, आता सोडलंय, दुसऱ्यांबद्दल विचारू नका." पण कायदा तसा चालत नव्हता. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पाचवी दुरुस्ती स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देते. पण एकदा का तुम्ही स्वतःबद्दल उत्तर दिलं, की त्या विषयापुरता तो हक्क सोडल्यासारखा होतो, आणि मग "बैठकीला शेजारी कोण बसलं होतं?" याचंही उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर संसदेचा अवमान, म्हणजे तुरुंग. पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेतला तर काय होतं ते त्या दहा जणांनी पाहिलंच होतं. म्हणजे वाटा उरल्या तीन: नावं द्या आणि काम करा, नावं न देता तुरुंगात जा, किंवा पाचव्या दुरुस्तीमागे उभे राहा, घरी जा, आणि फोनची वाट बघू नका.

कोरीने तिसरी वाट घेतली.

आणि गंमत बघा, किंवा गंमत तरी कशी म्हणायची. त्याने पक्ष केव्हाच सोडला होता. नंतरच्या आयुष्यात त्याने स्वतःच सांगितलंय, की ज्या राजकारणात रस उरला नव्हता त्याचा बचाव करायला तो तिथे बसला नव्हता. समितीला हवी होती ती दोन-चार नवी नावं, म्हणजे पुढची समन्स काढता येतील. त्याने ती दिली नाहीत, एवढंच. समितीकडे ही नावं बहुतेकदा आधीपासूनच असायची. म्हणजे माहिती हा मुद्दाच नव्हता. तुम्ही मान तुकवता का, हा मुद्दा होता.

मला हे जास्त खटकतं. विचारसरणीसाठी करिअर गमावणं ही आपल्याला समजणारी गोष्ट आहे, त्यावर चित्रपट निघतात. पण जी विचारसरणी आपण मागे टाकलीय, तिच्यातल्या जुन्या सोबत्यांची नावं न घेण्यासाठी करिअर गमावणं? त्याला घोषणा नाही, झेंडा नाही. नुसतं "हे माझ्याने होणार नाही."

तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. घरी बायको, मुली. चरित्र अभिनेत्यासाठी खरी उमेदीची वर्षं ३५ ते ५०, चेहऱ्यावर जरा आयुष्य दिसायला लागतं तेव्हाची. नेमकी तीच गेली.

गॅरेज

मग पोटासाठी काय केलं? बांधकामावर मजुरी केली. माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकार पैसे द्यायचं, त्या योजनेतून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात वाचा-उपचार शिकायला गेला. एका हाताने सरकार त्याला संशयित ठरवतंय आणि दुसऱ्या हाताने त्याची फी भरतंय!

तेवढ्यात काही तरुण नट त्याच्याकडे आले: आम्हाला शिकवाल का? हॉलिवूडमधल्या त्याच्या घराचं गॅरेज होतं. तिथे वर्ग सुरू झाला.

आता या गॅरेजमध्ये कोण कोण येऊन गेलं ते ऐका. जॅक निकल्सन. तेव्हाचा निकल्सन म्हणजे एमजीएमच्या कार्टून विभागात ऑफिसातली पडेल ती कामं करणारा पोरगा. रॉबर्ट टाउन, पुढे 'चायनाटाउन'चा लेखक. कॅरोल ईस्टमन, पुढे 'फाइव्ह ईझी पीसेस'ची लेखिका. रॉजर कॉर्मन, जो स्वस्तात आणि भराभर चित्रपट काढणारा निर्माता-दिग्दर्शक होता आणि नटांशी कसं बोलायचं ते शिकायला आला होता. शिवाय लेनर्ड निमॉय, रॉबर्ट ब्लेक, सॅली केलरमन, अशी बरीच नावं.

आणि कळस म्हणजे, जे स्टुडिओ कोरीला दारात उभं करत नव्हते, तेच आपले करारबद्ध नट त्याच्याकडे शिकायला पाठवत होते. माणूस चालत नाही, पण त्याची विद्या चालते.

शिकवायचा काय? त्याचा भर उत्स्फूर्त अभिनयावर, म्हणजे इम्प्रोव्हायझेशनवर होता. नेहमीचा एक प्रकार असा: संवाद एक, प्रसंग भलताच. कागदावर जे लिहिलंय त्याच्या अगदी उलटी परिस्थिती द्यायची, आणि नटाने तेच शब्द बोलून खरी परिस्थिती कळवायची. माझं एक उदाहरण देतो. दोघं चहा पिताहेत. "साखर कमी झालीय का?" "नाही, ठीक आहे." "आणखी घालू?" "नको." बस्स. पण सांगितलंय असं, की हे दोघं उद्यापासून वेगळे राहणार आहेत आणि त्याबद्दल एक शब्दही काढायचा नाही. आता हेच चार संवाद पुन्हा बोलून बघा. घरी करून बघा, खरंच!

नट यातून अभिनय शिकत होते. पण टाउन आणि ईस्टमन लिहायला शिकले. लोक महत्त्वाचं ते बोलतच नाहीत, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. 'फाइव्ह ईझी पीसेस'मधला हॉटेलचा प्रसंग आठवा. निकल्सन टोस्ट मागतोय, वेट्रेस म्हणतेय मेनूत नसलेलं मिळणार नाही. सगळा संवाद टोस्टबद्दल आहे. पण भांडण टोस्टचं अजिबात नाही. ते त्या माणसाच्या अख्ख्या आयुष्याचं आहे. लिहिणारी त्याच गॅरेजमधली, आणि बोलणाराही.

साखळी अशी जुळत गेली. कॉर्मनला निकल्सन आणि टाउन याच वर्गात भेटले. निकल्सनचा पहिला चित्रपट 'द क्राय बेबी किलर' (१९५८) कॉर्मनने निर्माण केला. टाउनची पहिली पटकथाही कॉर्मनसाठीच. त्यातून पुढे १९७० च्या आसपासचं नवं हॉलिवूड उभं राहिलं. 'चायनाटाउन' (१९७४) आला, टाउनला ऑस्कर मिळालं, निकल्सन त्यात नायक. हे सगळं कोरीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण ही माणसं एकमेकांना एका बंदी घातलेल्या नटाच्या गॅरेजमध्ये भेटली, हे खरं आहे.

परतीचा कोरी

१९६० साली डाल्टन ट्रंबो या बंदीतल्या लेखकाचं नाव 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस'च्या श्रेयनामावलीत उघड झळकलं आणि ब्लॅकलिस्टला मोठं भगदाड पडलं. कोरीला १९६३ उजाडलं. त्या वर्षी 'द बाल्कनी' आणि 'द यलो कॅनरी' आले. वय ४९.

त्याच वर्षी टीव्हीवर 'द आउटर लिमिट्स' मालिकेत 'ओ.बी.आय.टी.' नावाचा भाग आला. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने बघावा असा. एका संरक्षण संशोधन केंद्रात एक यंत्र आहे, ते कुणालाही, कुठेही, त्याच्या नकळत पडद्यावर दाखवतं. कर्मचारी एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. खून होतो आणि एक सिनेटर चौकशी करायला येतो. त्या यंत्राच्या बाजूने बोलणारा अधिकारी म्हणजे जेफ कोरी. शेवटी कळतं की तो परग्रहावरचा आहे, आणि हे यंत्र त्याच्या लोकांनी मुद्दाम पेरलंय. का? तर माणसांना एकमेकांवर पाळत ठेवण्याचा मोह आवरत नाही, आणि त्यानेच ती आतून मोडतील. खऱ्या चौकशीत निमूट बसून हक्क सांगितलेला माणूस इथे चौकशीच्या खुर्चीत बसून पाळत ठेवणाऱ्यांच्या वतीने बोलतोय. ते भाषण बघताना मला तरी तो नुसता अभिनय वाटला नाही.

मग 'सेकंड्स' (१९६६). एक गुप्त कंपनी श्रीमंत माणसांना नवा चेहरा आणि नवं आयुष्य विकते. कोरी तिथला मिस्टर रूबी. गिऱ्हाइकाला त्याच्याच बनावट मृत्यूचा खर्च समजावून सांगतोय, आणि सांगता सांगता त्याच्यापुढे आलेली कोंबडी स्वतःच खातोय. अंगावर काटा येतो आणि हसूही येतं. समोर बसलेला नट जॉन रँडॉल्फ, तोही ब्लॅकलिस्टमधून परतलेला. त्याच चित्रपटात कंपनीच्या मालकाच्या भूमिकेत विल गीर, तोही. दुसरं आयुष्य विकत घेण्याच्या गोष्टीत ही तिघं!

आणि १९६९. 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'मध्ये तो म्हातारा शेरीफ ब्लेडसो आहे, जो दोन्ही लाडक्या दरोडेखोरांना तोंडावर सांगतो की तुमचा काळ संपला. आणि 'ट्रू ग्रिट'मध्ये तो टॉम चेनी, लहानग्या मॅटीच्या बापाचा खुनी. भित्रा, रडका, सतत "माझ्याच नशिबी का" असं कुरकुरणारा. त्याच्या मागावर कोण? जॉन वेन. हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टविरोधी संघटनेचा वेन त्या बंदीच्या काळात अध्यक्ष होता. आणि याच भूमिकेसाठी त्याला त्याचं एकमेव अभिनयाचं ऑस्कर मिळालं. पटकथा कुणाची? मार्गरीट रॉबर्ट्सची, म्हणजे आणखी एक ब्लॅकलिस्टेड. ज्यांना बाहेर ठेवण्याच्या बाजूने वेन उभा होता, त्यातल्या एकीने त्याच्यासाठी संवाद लिहिले आणि एकाने समोर उभं राहून मार खाल्ला.

तसंच १९६९ मधला 'स्टार ट्रेक'चा 'द क्लाउड माइंडर्स' हा भाग. ढगांतल्या शहराचा उर्मट अधिकारी प्लेसस म्हणजे कोरी, आणि त्याच्याशी शांतपणे वाद घालणारा स्पॉक म्हणजे निमॉय. गुरू-शिष्य एका फ्रेममध्ये. 'इन कोल्ड ब्लड' (१९६७) मध्येही तसंच: दोन खुन्यांपैकी एक त्याचा विद्यार्थी रॉबर्ट ब्लेक, आणि दुसऱ्याचा बाप कोरी.

नंतरही तो थांबला नाही. टीव्ही मालिका, थोडं दिग्दर्शन, शिकवणं चालूच. १९९६ मध्ये, ८२ व्या वर्षी 'बॅबिलॉन ५'मध्येही दिसला. १६ ऑगस्ट २००२ ला सांता मोनिकात तो गेला. मुलगी एमिलीच्या साथीने लिहिलेलं त्याचं आत्मचरित्र २०१७ साली आलं.

मग हिशोब काय?

बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट अशी सांगितली जाते: "झालं ते बरंच झालं, नाहीतर निकल्सन कसा घडला असता?" मला हे अजिबात पटत नाही. फिलिप लोब नावाचा नट याच ब्लॅकलिस्टमुळे काम गमावून बसला आणि १९५५ मध्ये त्याने आत्महत्या केली. जॉन गारफिल्ड १९५२ मध्ये ३९ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्यांच्याकडे गॅरेजची गोष्ट नाही. कोरीचं चांगलं झालं ते त्याच्या कष्टाने, समितीच्या कृपेने नव्हे. आणि ती बारा वर्षं त्याला कुणी परत दिली नाहीत. त्या वर्षांत त्याने ज्या भूमिका केल्या असत्या त्या आपण कधीच बघणार नाही.

आपल्या पिढीला कामाचा पुरावा म्हणजे प्रोफाइल वाटतं. काय केलं, कुठे नाव आलं, मध्ये गॅप का आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न गॅपचाच. कोरीच्या प्रोफाइलमध्ये बारा वर्षांचा गॅप आहे आणि त्याचं बरचसं मोठं काम त्या गॅपमध्येच आहे. ते कोणत्याही श्रेयनामावलीत लिहिलेलं नाही. ते दुसऱ्यांच्या चित्रपटांमध्ये आहे.

बघायचं असेल तर सुरुवात 'ओ.बी.आय.टी.'पासून करा, तासाभराचाच भाग आहे. मग 'सेकंड्स', मग 'ट्रू ग्रिट'. आणि बघून झाल्यावर मला नक्की कळवा: फक्त दोन नावं सांगायची होती, तीही समोरच्याला आधीच माहीत असलेली. तुम्ही सांगितली असती का? खरं उत्तर द्या. मी अजून विचार करतोय.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि हा भाग एखाद्या सिनेमावेड्या मित्राला नक्की पाठवा!